बियाच्या पोटावरची फुली

जालना जिल्ह्यात कॉफी पिकत नाही. तरी माझे बहुतेक रविवार कॉफीच्या कुळातली झाडंझुडपं शोधण्यात गेले. हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग घड्याळाकडे, म्हणून मी सांगणं सोडून दिलं. ऑफिसातल्या मुलींना वाटतं की मी दर रविवारी कुठल्या तरी देवीला जाते. मी त्यांचा समज कधी दूर केला नाही.

नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत मी काम करते. बियांचा नमुना येतो, तो मी टेबलावर पसरते आणि चिमट्यानं त्याचे चार ढीग करते. चांगलं बी एकीकडे, दुसऱ्या पिकाचं बी दुसरीकडे, तणाचं बी तिसरीकडे आणि उरला तो काडीकचरा. दिवसभर भिंगाखाली मान घालून बसायचं काम आहे. त्यात कोणाशी बोलावं लागत नाही, आणि सवय झाली की ते बरंही वाटतं. संध्याकाळी मी स्टेशनाकडच्या माझ्या दोन खोल्यांत परत येते. आई होती तोवर आम्ही दोघी होतो. ती गेल्यापासून मी एकटीच. लग्न झालं नाही. त्यामागे काही गोष्ट वगैरे नाही. एक-दोन ठिकाणी जमलं नाही, पुढं विचारणारेच थांबले.

कॉफीच्या कुळाचं वेड मला सरांनी लावलं. सर आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. जुन्या जालन्यातलं त्यांचं घर, घरात उर्दू, वर्गात मराठी, आणि झाडाजवळ गेले की दोन्हींची सरमिसळ. दुसऱ्या वर्षाला ते आम्हाला घनसावंगीकडच्या एका माळावर घेऊन गेले होते. मी त्याच भागातली, शेतकऱ्याच्या घरची. माळावरचं प्रत्येक झुडूप आपल्याला माहीत आहे असं मला वाटायचं. सरांनी एका काटेरी झुडपापाशी मला थांबवलं.

"हे काय?"

"गेळफळ, सर."

"ते तर शेळीला पण माहीत आहे. कोणाच्या खानदानातलं, ते सांग."

मला सांगता येईना. सरांनी एक फांदी वाकवून माझ्यासमोर धरली. "पानं बघ. समोरासमोर आहेत का? आता दोन देठांच्या मधी नख लाव. बराबर मधी."

मी नख लावलं. तिथं एक बारीक, त्रिकोणी खवल्यासारखं काहीतरी लागलं. लहानपणापासून त्या झुडपाचे काटे चुकवत मी हिंडले होते, पण हे मला कधी दिसलं नव्हतं.

"ही निशाणी," सर म्हणाले. "कॉफी, कदंब, गेळफळ, रंगाची आल, तुझ्या अंगणात फरशीच्या फटीत उगवतो तो परिपाठ, सगळे एकाच घरचे. कोणी झाड, कोणी झुडूप, कोणी बोटभर तण. एकाचं तोंड दुसऱ्याशी मिळत न्हाई. पण इथं नख लाव, फळ फुलाच्या खाली धरतं का ते बघ, मंग खानदान कळतं."

त्या दिवसापासून मी दिसेल त्या झाडाच्या देठांमध्ये नख लावायला लागले. बँकेच्या आवारात एक्झोराचं, त्याच कुळातल्या शोभेच्या झुडपाचं, कुंपण होतं. आत पैसे काढायला आलेले लोक बाहेर येऊन बघायचे की ही पोरगी कुंपणात काय शोधून राह्यली.

एम.एस्सी. झाल्यावर मला नोकरी लागली आणि पीएच.डी. मागे पडली. पण रविवार राहिला. सकाळी मी एसटीनं नाहीतर काळीपिवळी जीपनं कुठंतरी जायचे. कधी आष्टीच्या बाजूला, कधी अंबडच्या पुढं, कधी भोकरदनकडच्या टेकड्यांवर. मिळेल ते वर्तमानपत्रात दाबून आणायचं आणि दुपारी चारच्या सुमाराला सरांच्या घरी जायचं. सरांच्या बायकोला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. त्या दार उघडून आत वळून सांगायच्या, "लो, आ गई तुम्हारी घास लेके." मग सर दिवाणावर चादर पसरायचे. मी फांदी ठेवायचे आणि नाव सांगायचे. सर भिंग लावायचे, वेळ घ्यायचे आणि म्हणायचे, "बराबर," किंवा म्हणायचे, "गलत."

खरं सांगायचं तर मी 'गलत'ची जास्त वाट बघायचे. 'बराबर' म्हटलं की चहा व्हायचा आणि मी घरी जायचे. 'गलत' म्हटलं की सर जुनं पुस्तक काढायचे, मी वाद घालायचे, आम्ही फूल उभं चिरून बघायचो, खाला दोनदा चहा करायच्या आणि दिवेलागण होऊन जायची. अख्ख्या शहरात त्या दिवाणावरच मला कोणीतरी चुकीचं ठरवत होतं. बाकी कुठं कोणी माझं काही तपासायला जात नव्हतं.

सरांच्या नावावर एकच शोध होता. घनसावंगीच्या खाली गोदावरीकाठी, रेताड जमिनीवर त्यांना एक तण सापडलं होतं. वीतभर उंच, केसाळ, पानांच्या बगलेत पांढऱ्या बारीक फुलांचे गोल गुच्छ. पुस्तकात ज्याला मदनघंटी म्हणतात त्याच्यासारखंच, पण थोडं वेगळं. सरांनी त्याचा अभ्यास केला आणि तो मदनघंटीच्या प्रजातीतला नवा प्रकार आहे असं मांडून एका संशोधन पत्रिकेत छापून आणलं. नाव नदीवरून ठेवलं. वनस्पतींना माणसं स्वतःच्या गुरूचं, बायकोचं नाव देतात. सर म्हणाले, "नदीचं दिलं म्हणजे कोणी नाराज होणार न्हाई." त्या पत्रिकेचं ते पान त्यांनी चौकट करून बाहेरच्या खोलीत लावलं होतं. पाहुणे आले की खाला तिकडे हात करून म्हणायच्या, "इनका पौधा है वो."

सर निवृत्त झाले. पुढं काही वर्षांनी मुलं येईनाशी झाली म्हणून कॉलेजातला तो विषयच बंद झाला. वाळलेल्या वनस्पतींचे गठ्ठे ठेवलेली कपाटं हलवायची ठरली तेव्हा सरांनी मला फोन केला.

"कॉफीचं खानदान तेवढं तू घेऊन जा. बाकीचं ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं."

रीतसर अर्ज करून मी ते गठ्ठे ऑटोत घालून घरी आणले. आईची खोली तेव्हा नुकतीच रिकामी झाली होती. तिच्या पलंगावर मी ते रचले, डांबराच्या गोळ्या ठेवल्या आणि खिडकी लावून घेतली. पुष्कळ दिवसांनी त्या खोलीत कोणीतरी आहे असं वाटलं.

मग तो तिळाचा नमुना आला. पावसाळा सरत आला होता. नेहमीसारखं मी चार ढीग करत होते. तणाच्या ढिगात एक बी वेगळं वाटलं. तिळाहून पुष्कळ लहान, पिवळसर तपकिरी. मदनघंटीचं असेल म्हणून मी ते उलटं केलं. मदनघंटीच्या बियाच्या पोटावर गव्हाच्या दाण्यासारखी उभी खाच असते. या बियाच्या पोटावर खाच होती ती आडवी-उभी, फुलीसारखी. मास्तर वहीत चुकीच्या उत्तरावर काढतात तशी फुली.

मी ते बी काचेच्या नळीत ठेवलं आणि तीन-चार संध्याकाळी त्याच्यामागे घालवल्या. आता पुष्कळसं मोबाईलवर बघता येतं. ते बी कॉफीच्याच कुळातल्या एका परदेशी तणाचं निघालं. मिट्राकार्पस त्याचं नाव. मूळचं अमेरिकेकडचं, आता आपल्याकडेही पसरलेलं. वीतभर उंच, केसाळ, बगलेत पांढऱ्या फुलांचे गोल गुच्छ. वर्णन वाचता वाचता मी थांबले. हे झाड मी पाहिलेलं होतं. त्याच्यावरचं छापील पान सरांच्या भिंतीवर चौकटीत होतं.

आईच्या खोलीत जाऊन मी गठ्ठा सोडला. सरांचा मूळ नमुना मोठ्या जाड कागदावर शिवलेला होता. खाली सरांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी, आणि कोपऱ्यात गळून पडलेली फळं ठेवायला एक कागदी पुडी. ती पुडी मी त्याआधी कधी उघडली नव्हती. उघडायचं कारणच नव्हतं. बिया बशीत ओतल्या आणि एकेक उलटी केली. प्रत्येकीच्या पोटावर फुली होती.

वाळलेल्या नमुन्यावर विसंबून बोलू नये हे सरांनीच शिकवलं होतं. म्हणून पुढच्या रविवारी मी घनसावंगीला गेले आणि तिथून जीपनं नदीकाठच्या त्या गावी. उसाच्या फडाच्या कडेनं चालत रेताडापर्यंत पोचले. ते तण तिथं भरपूर होतं. बाजूच्या कपाशीत एक बाई वेचणीला वाकलेली होती. तिनं विचारलं, "काय हरवलं का बाई?"

"न्हाई, हे गवत बघून राह्यले."

"त्याला काय बघायचं? कितीबी उपटलं तरी येतंय."

"याला काय म्हणता तुम्ही?"

"तण म्हणतो," ती म्हणाली आणि परत कामाला लागली.

मी खाली बसले आणि एक पिकलेलं फळ नखानं दाबलं. मदनघंटीचं फळ वरून खाली उभं फाटतं. हे तसं फाटलं नाही. कुंकवाच्या करंड्याचं झाकण निघावं तसा त्याचा वरचा अर्धा भाग अलगद निघाला. दुसरं दाबलं, तिसरं दाबलं. सगळ्यांची झाकणं निघाली. आता शंकेला जागा नव्हती. सरांचा नवा प्रकार हा नवा नव्हता आणि मदनघंटीच्या घरातलाही नव्हता. ते बाहेरून आलेलं आणि जगाला केव्हाचं माहीत असलेलं तण होतं.

एखादं कोडं सुटलं की माणसाला आनंद होतो. मला झाला नाही असं म्हणणार नाही. जीपमध्ये बसेपर्यंत तो टिकला. मग लक्षात आलं की ही गोष्ट मला एकाच माणसाला सांगता येईल, आणि त्या माणसालाच ती सांगवत नाही.

त्यानंतरचे कितीतरी रविवार मी सरांकडे गेले आणि दुसऱ्याच गोष्टी बोलून परत आले. चौकटीकडे पाठ करून बसायचे. खालांनी एकदा विचारलं, "तबियत ठीक है ना तेरी?" मी म्हटलं, जरा दगदग होऊन राह्यली. माझ्याशिवाय कोणाला कळणार नव्हतं. त्या तणाकडे बघायला कोण येतंय? पण रोज सकाळी मी चिमटा हातात घेऊन बसायचे, कुठलं बी कुठल्या ढिगात जातं हे ठरवायला, आणि तेच एक बी माहीत असून मी चुकीच्या ढिगात ठेवलं होतं. ते सहन होईना.

दिवाळी उलटल्यावर एका रविवारी मी ताजी रोपं, तिळातलं ते बी आणि सरांचा मूळ नमुना असं सगळं घेऊन गेले. सरांनी चादर पसरली. मी नाव सांगितलं नाही. फक्त भिंग त्यांच्या हातात दिलं.

"सर, हे बघा तुम्हीच."

सरांचं वय झालं होतं. तरी त्यांनी स्वतःच फळ उचललं आणि नखानं दाबलं. झाकण निघालं. त्यांनी ते तळहातावर घेतलं आणि पुष्कळ वेळ बघितलं. मग बी उलटं केलं. मग मूळ नमुन्याची पुडी मागितली आणि त्यातलं बी उलटं केलं.

"मिट्राकार्पस," ते म्हणाले. मला काही सांगावंच लागलं नाही.

"सर, तुमच्या पुस्तकात ही प्रजाती नव्हतीच. पुस्तक जुनं, हे तण नंतर आलं. तुम्हाला कसं कळणार?"

"किताबात नव्हतं. फळ तर हातात होतं ना?"

"फळं तेव्हा कच्ची असतील."

"बेटा, मला बहाणा देऊ नको." आवाज चढला नव्हता. "मी झाकण बघितलं न्हाई. नवं आहे असं मनात आल्तं, मंग जे वेगळं आहे तेवढंच बघितलं. पोरांना मी हेच करू नका म्हणून सांगायचो."

खाला चहा घेऊन आल्या. सरांनी कप घेतला, पण प्याले नाहीत. मला म्हणाले, "चाय पी, और जा. अंधेरा हो जाएगा." तेव्हा बाहेर चांगलं ऊन होतं.

पुढच्या रविवारी गेले तर खाला दारातच म्हणाल्या, सो रहे हैं. त्याच्या पुढच्या रविवारी, नहा रहे हैं. तिसऱ्या वेळी त्यांनीही नजर चुकवली. मी वळताना दारातून आत नजर गेली. चौकट भिंतीवर नव्हती. तिथला रंग बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ दिसत होता.

मग मी जाणं थांबवलं. तो हिवाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा कसा गेला हे सांगायला माझ्याकडे फारसं काही नाही. रविवारी मी उशिरा उठायचे. धुणं व्हायचं, भांडी व्हायची, आणि अकरा वाजता दिवस संपल्यासारखा वाटायचा. दोनदा पिशवी घेऊन बसस्टँडवर गेले, गाडी लागलेली होती, आणि मी चढले नाही. गोळा करून आणायचं ते दाखवायचं कोणाला? चारच्या सुमाराला उगाच स्टेशनावर जाऊन बाकावर बसायचे. गाड्या यायच्या, लोक उतरायचे, ऑटोवाले विचारायचे, कुठं जायचं ताई? मी म्हणायचे, कुठंच नाही.

एकदा खालांचाच फोन आला. इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, "तू आती थी तो बोलते थे. अब मेरे से क्या बोलेंगे, मेरेकू तो आलू और प्याज मालूम." मी विचारलं, "सर माझ्यावर रागावले का?" त्या म्हणाल्या, "तेरे पे नहीं, बेटा. तेरे पे होते तो अच्छा था."

कडक उन्हाळ्यात सरांचा फोन आला. इतक्या महिन्यांनी आवाज ऐकला.

"सगळे गठ्ठे घेऊन ये. एकूणएक."

ऑटो करून गेले. सर दिवाणावर वाट बघत होते, दोन भिंगं, डिंक आणि कोऱ्या चिठ्ठ्या समोर मांडून. आपल्या हातून अजून किती चुका झाल्या ते त्यांना बघायचं होतं. त्या दिवशी आणि पुढचे पाच-सहा रविवार आम्ही एकेक कागद काढून तपासला. मदनघंटीचे आणि परिपाठाचे सगळे नमुने, आलीचे दोन प्रकार, आष्टीकडून आणलेली डिकेमाली. पुष्कळशा नावांत आता शास्त्रानंच बदल केलेले होते. परिपाठाच्या गोतावळ्यात तर वाटण्या होऊन कोणी कुठं, कोणी कुठं गेलं होतं. ते सगळं मी वाचून दाखवायचे. सर ऐकायचे. खऱ्या चुका मोजक्याच निघाल्या.

शेवटी तो मूळ नमुना राहिला. आमच्या शास्त्रात जुनी चिठ्ठी काढत नाहीत, खोडतही नाहीत. चुकीची असली तरी ती तिथंच राहते आणि शेजारी नवी चिकटवतात. छापलेलं नावही पुसलं जात नाही. ते खऱ्या नावाच्या खाली, त्याचंच एक दुसरं नाव म्हणून पडून राहतं. मी लेखणी सरांपुढे केली.

"तू लिही," ते म्हणाले. "तू ओळखलंस, तुझं नाव पाहिजे."

मी लिहिलं. डिंक सरांनी लावला. बोट फिरवून त्यांनी चिठ्ठी सरळ केली आणि डिंक सुकेपर्यंत तळहातानं दाबून धरली.

पत्रिकेलाही कळवायला हवं होतं. मी एक छोटं टिपण केलं आणि त्यावर फक्त माझं नाव टाकलं. सरांचा उल्लेख शक्य तेवढा मऊ केला. सरांनी ते वाचलं आणि माझ्या नावाच्या पुढं स्वतःचं नाव लिहिलं.

"गलती माझी आहे, तर सुधारताना माझं नाव नको का?"

टिपण छापून आलं. कोणी काही म्हटलं नाही. कोणाचं पत्र आलं नाही, फोन आला नाही. एवढी मनावर घेतलेली गोष्ट जगात कोणाच्या लक्षातही आली नाही, याचं मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

सगळं पूर्वीसारखं होईल असं मी धरून चालले होते. पहिल्या पावसानंतर मी परत हिंडायला लागले, परत चारला सरांकडे जायला लागले. सर चादर पसरायचे, भिंग लावायचे, आणि म्हणायचे, "बराबर." पुढच्या रविवारीही बराबर. त्याच्या पुढच्याही. एका गवतासारख्या बारीक तणाबद्दल मलाच खात्री नव्हती, तेव्हा ते म्हणाले, "तू म्हणतीस ना, मंग बराबर."

मला ते खटकत राहिलं. शेवटी मी एक गोष्ट केली, जी मला आजही फारशी शोभली असं वाटत नाही. आष्टीकडच्या एका ओढ्याकाठी कळमाचं झाड होतं. त्याची फांदी आणली आणि दिवाणावर ठेवून म्हटलं, "हेदू आहे, सर."

हेदू आणि कळम दोन्ही कॉफीच्याच कुळातली झाडं, पण हेदूचं पान बुडाशी पत्त्यातल्या बदामासारखं खाचलेलं असतं. कळमाचं साधं, लांबट गोल. पहिल्या वर्षाचं पोरगंसुद्धा चुकणार नाही. सरांनी फांदी उचलली, पान उलटसुलट केलं, देठांच्या मध्ये बोट फिरवलं.

"बराबर," सर म्हणाले आणि फांदी खाली ठेवली.

मी चहा पिऊन उठले. घरापर्यंत चालत आले, ऑटो केली नाही. डोळे अधू झाले असतील, असं स्वतःला सांगत होते. पण पान हातात धरल्यावर ते डोळे मिटूनही ओळखतील हे मला माहीत होतं.

पुढच्या रविवारी रिकाम्या हातानं गेले. बसल्या बसल्या म्हटलं, "सर, ते हेदू नव्हतं."

"मालूम आहे. कळम होतं."

"मंग बोलला का न्हाई?"

सरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. "तू मला तपासून राह्यली होतीस. मी बी पोरांना असंच तपासायचो, मुद्दाम उलटं नाव सांगून. मला कळलं." मग म्हणाले, "बेटा, मी आता थकलो. तुला गलत म्हणायला मला आधी माझा भरोसा पाहिजे. तो गेला. थोडा गेला असता तर चाललं असतं. आता तू बघत जा, आणि तूच ठरवत जा."

"आणि माझं चुकलं तर?"

"चुकेल ना. मंग कधीतरी कोणी येईल, बाजूला चिठ्ठी लावेल."

"कोण येईल, सर? मुलंच येत न्हाईत."

खाला आतून म्हणाल्या की आज शिरखुर्मा केलाय, खाऊन जा. ईद झालेली होती. मी खाल्ला. सरांनी दूरदर्शन लावलं. बातम्या लागल्या होत्या. आम्ही तिघं त्या बघत बसलो.

हिवाळ्याच्या सुरुवातीला मी सगळे गठ्ठे एका विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहाला देऊन टाकले. माझ्या मागे त्यांचं काय होणार हा विचार करून बघितला, आणि आईच्या खोलीत ते ठेवणं बरोबर नाही असं ठरवलं. त्यांची गाडी आली. दोन माणसांनी गठ्ठे गाडीत भरले, पावती दिली, आणि अर्ध्या तासात पलंग रिकामा झाला. पलंगावरच्या गादीत गठ्ठ्यांचे चौकोनी ठसे उमटलेले होते.

सरांकडे मी अजून जाते. झाडं नेत नाही. आम्ही सरांच्या गुडघ्यांबद्दल बोलतो, भाजीच्या भावाबद्दल बोलतो. खालांना मी मोबाईलवर त्यांच्या बहिणीशी बोलणं लावून देते. सर कधीकधी माझ्या नखांकडे बघतात, मातीनं काळी झालेली असतात त्यामुळे, पण विचारत नाहीत.

मागच्या रविवारी मी परतूरहून पुढं एका माळावर गेले होते. दगडांच्या आडोशाला एक छोटं झुडूप दिसलं. पानं समोरासमोर, देठांच्या मध्ये ती निशाणी. खानदान कळलं. त्याच्या पुढं अडलं. दोन नावांपैकी एक असायला हवं होतं, पण फळ एका बाजूला ओढत होतं आणि पानांवरचे केस दुसऱ्या बाजूला. मी तिथंच दगडावर बसले. फळ चिरलं, बी काढलं, पुस्तकातलं वाक्य परत परत वाचलं. एक शेळ्या हाकणारा म्हातारा जवळून गेला. मी काय करतेय ते त्यानं थांबून बघितलं आणि तो शेळ्यांमागे निघून गेला. ऊन कलेपर्यंत मी बसून होते. शेवटी मला जे पटलं ते नाव मी चिठ्ठीवर लिहिलं. ओळख कोणी पटवली त्या ओळीत पूर्वी आम्हा दोघांची नावं असायची. तिथं माझं एकटीचं नाव लिहिलं, चिठ्ठी वर्तमानपत्रात नमुन्याशेजारी ठेवली, आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून भराभर रस्त्याकडे चालायला लागले.